आजीच्या सांदवाडीतली (परसबागेतली) गुलाबी भेदरं (टोमॅटो): जात कोणती अन् बी कसं धरू?

दारव्ह्याची लेक
नमस्कार मंडळी. आमच्या घरी (दारव्हा तालुका, यवतमाळ) सांदवाडीत आजीच्या काळापासून भेदरं आहेत. आजी दोन वर्षांआधी गेली, आता झाडं मीच पाहते. फळ चपटं, देठापाशी खोल खड्डा, चहूबाजूनं घड्या पडलेल्या, पिकलं की लाल नाही तर गुलाबी होते अन् देठाकडचा भाग बरेच दिवस हिरवाच राहते. आंबट इतकं की भाजीत चिंच टाकायचं काम नाही. झाड वाढतच जाते, आधार दिला तर माणसाच्या उंचीचं होते. साल पातळ, बाजारात नेता येत नाही, रस्त्यातच फुटते. मावशी म्हणते हे पुसा रुबी आहे, शेजारचे काका म्हणतात गावरान. कसं ओळखावं? दुसरं म्हणजे मागच्या वर्षी बी पेपरवर चोळून एप्रिलच्या उन्हात वाळवलं होतं, त्यातलं जेमतेम चार-दोन उगवलं. यंदा सहाच झाडं उरली आहेत. आजीच्या हातचं एवढंच राहिलं आहे, म्हणून जीव लागून आहे.

वावरकरी (अकोला)
ताई, पुसा रुबी नसावं असं मले वाटते. ते दिल्लीच्या आयएआरआयचं (भारतीय कृषी संशोधन संस्थेचं) वाण, फळ चपटं-गोल अन् हलक्या घड्यांचं असते म्हणून मावशीले तसं वाटलं असेल, पण ते लाल पिकते. तुम्ही एक करा, पूर्ण पिकलेल्या फळाची साल सोलून उजेडात धरा. साल पिवळट असली तर ते लाल वाण, साल पाण्यासारखी बिनरंगाची असली तर गुलाबी, कारण आतला गर दोन्हीचा लालच राहते, फरक सालीचा आहे. मग पान पहा, कडा कातरल्यासारख्या आहेत की बटाट्याच्या पानासारख्या सरळ. हिरवा खांदा जुन्या वाणांत जास्त दिसते, नवीन बरीच वाणं एकसारखी पिकतील अशीच निवडलेली आहेत. खोटं कशाले सांगू, नाव शेवटपर्यंत न सापडण्याचीच शक्यता जास्त, आपल्याकडं घरोघरी बी फिरलं अन् सगळ्यालेच भेदरं म्हटलं. नावापेक्षा हे पहा की बी तसंच येते का. एकाच फळाच्या बियांची दहा-बारा रोपं लावा, सगळी फळं सारखी आली तर वाण पक्कं, अन् एक लांबट, एक गोल, एक लाल असं फुटलं तर कुठंतरी हायब्रीड मिसळलं समजा. वही करा, फोटो अन् पान, फळाचं वजन, फळात किती कप्पे, सगळं लिहून ठेवा.

दर्यापूरची काकू
बाई, उन्हात वाळवलं तिथंच घात झाला. अन् पेपरले बी चिकटते, सोडवताना साल निघते. आधी झाड निवड, फळ नाही. निरोगी झाडाले चिंधी बांध, त्याची फळं तोडायची नाहीत, झाडावरच पूर्ण नरम होऊ दे. मग गर काचेच्या वाटीत काढ, थोडं पाणी घाल, वर फडकं बांध अन् सावलीत ठेव. बियांच्या भोवती जो बुळबुळीत थर असते ना तो बी उगवू देत नाही, आंबवलं की सुटते. आपल्या गरमीत दोन दिवसांत होते, थंडीत तीन-चार लागतात, रोज हलवायचं, अन् जास्त ठेवू नको नाहीतर वाटीतच मोड येते. वर पांढरी बुरशी दिसली की पाणी ओत, ढवळ, भरीव बी तळाशी बसते, पोकळ अन् गर वर तरंगते तो फेकून दे. तीन-चारदा धू, स्टीलच्या ताटात पसर, सावलीत हवेशीर जागी हातानं मोकळं करत तीन-चार दिवस वाळव. चांगलं कोरडं झालं की काचेच्या बाटलीत, सोबत चुलीच्या कोरड्या राखेची पुरचुंडी. चार-पाच वर्षं टिकते. सहाही झाडांचं थोडं थोडं घे, निरोगी असतील तर. अन् खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन कोणाले झाडाले हात लावू देऊ नको, तंबाखूचा मोझॅक रोग हातानं भेदरावर जाते, बियाच्या सालीवरही राहते. घरात कोणी खात असेल तर साबणानं हात धुवूनच आत.

सेलूचा भाऊ (वर्धा)
काकूंचं बरोबर. भेदराचं फूल बहुतेक आपल्याच परागानं फळते, पण शेजारी हायब्रीड असेल तर मधमाशीचा भरवसा नाही. कळ्या उमलायच्या आधी एका घोसाले मलमलची थैली बांधा, रोज दोनदा हलवा, फळ धरलं की थैली काढून खूण ठेवा. अन् सगळं बी एका घरात ठेवू नका, मावशीकडं अन् काकाकडं थोडं द्या. अकोल्याले राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं (वाणांचं बी जपणारी सरकारी संस्था) केंद्र आहे, तिथं विचारून पहा. 2001 च्या पीक वाण संरक्षण अन् शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याले आपलं बी राखायचा, वाटायचा, विकायचा हक्क आहे, फक्त ब्रँडच्या नावानं विकायचं नाही.

दारव्ह्याची लेक
साल काढली, पार पाण्यासारखी! म्हणजे गुलाबीच. पानं कातरलेली आहेत. चार झाडांले चिंध्या बांधल्या. काकू, पाचव्या झाडाची पानं वरून गोळा होऊन आकसली आहेत, त्याचं बी घेऊ का? फळं बरी दिसतात.

दर्यापूरची काकू
नको बाई. तो बोकड्या, पानं आकसायचा रोग, पांढऱ्या माशीनं आणलेला. ते झाड आजच उपटून सांदवाडीबाहेर पुरून टाक, नाहीतर माशी बाकीच्यांवर नेईल. सहावं कसं आहे ते सांग.