रेल्वे हुकलेलं निकोडेमस

अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती सरकताना उभी राहिलेली गावं म्हणजे सोनं, दारूचे गुत्ते आणि पिस्तुलं, असं अनेकांना वाटतं. कॅन्ससमधलं निकोडेमस त्यात बसत नाही. गुलामगिरीतून सुटून केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी ते १८७७ मध्ये वसवलं. वसाहतीच्या जाहिरातीत स्वर्ग होता, प्रत्यक्षात उघडंबोडकं माळरान. लाकूडच नाही, म्हणून पहिली घरं जमिनीत खोदलेली. काही कुटुंबं तशीच माघारी फिरली (त्यांना कोण दोष देणार?). उरलेल्यांनी चर्च, शाळा, हॉटेल, वर्तमानपत्रं काढली. इथलाच एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला.

मग १८८८ मध्ये रेल्वे आली, पण सॉलोमन नदीच्या पलीकडून. दुकानदारांनी गाशा गुंडाळून रुळांजवळचं बोग हे गाव गाठलं. त्यामुळे 'रेल्वेने गावं वसवली' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. आज निकोडेमसमध्ये कायम राहणारी माणसं पंचवीसही नाहीत. १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पण निव्वळ संग्रहालय झालेलं नाही. जुलैअखेरीच्या होमकमिंगला (गावी परतण्याच्या वार्षिक सोहळ्याला) देशभरातून वंशज जमतात. आय-सेव्हन्टी महामार्गाने डेन्व्हरकडे जाणार असाल तर तेव्हाच वाट वाकडी करा. एरवी पाच जुन्या इमारती आणि वारा.