हक्कांची सनद भिंतीवर लावली, पुढे काय?

सातपूरकर

माझे वडील 74 वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून त्यांचा खुबा मोडला आणि आम्ही त्यांना नाशिकमधल्याच एका खासगी रुग्णालयात दाखल केले. बिलाच्या खिडकीमागे रुग्ण हक्कांची सनद चौकटीत लावलेली होती, पण तिच्या खालच्या अर्ध्या भागावर दिनदर्शिका टांगलेली होती. रात्री अकरा वाजता माझ्यापुढे इंग्रजीत छापलेले चार पानी संमतीपत्र ठेवून 'इथे, इथे आणि इथे सही करा' एवढेच सांगण्यात आले आणि मी सह्या केल्या. वडील पूर्ण शुद्धीवर होते, बोलत होते. शस्त्रक्रिया त्यांच्या शरीरावर होणार होती, तरी त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि मीही विचारले नाही, याची बोच अजून जात नाही. घरी सोडताना उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागितली, तर 'फाइल रुग्णालयाची असते' असे उत्तर मिळाले. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून 72 तासांत ही कागदपत्रे द्यावी लागतात. मला नऊ दिवस हेलपाटे घालावे लागले.

राज्याच्या शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. माझे म्हणणे असे की, हे हक्क दाखल करतानाच रुग्णाला त्याच्या भाषेत, तोंडी सांगितले गेले पाहिजेत, आणि ते सांगितल्याची नोंद फाइलमध्ये राहिली पाहिजे.

गंगापूर रोडवरील शल्यचिकित्सक

कागदपत्रांच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झाला, हे मान्य आहे. परंतु तुमच्या संपूर्ण लेखनात 'जबाबदारी' हा शब्द एकदाही आलेला नाही, म्हणून लिहितो आहे. काही महिन्यांपूर्वी हर्नियाच्या एका रुग्णाला टेबलावर घेतल्यानंतर भूलतज्ज्ञांना कळले की, तो रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतो. आदल्या दिवशी मी स्वतः त्याला आणि त्याच्या मुलाला दोन वेळा विचारले होते आणि दोघांनीही 'काही चालू नाही' असे सांगितले होते, कारण गोळीचे नाव सांगितले तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल आणि गावाहून आलेल्यांचा खोळंबा होईल, अशी त्यांना भीती होती. शस्त्रक्रिया अखेर पुढे ढकलावी लागलीच. रुग्णाने आजाराचा इतिहास खरा सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे, ते डॉक्टरवर केलेले उपकार नव्हेत.

दुसरे म्हणजे, एका रुग्णामागे सात नातेवाईक येतात आणि सात जण सात वेळा तेच विचारतात. घरच्यांनी एक माणूस बोलण्यासाठी नेमावा. आणि रुग्ण दगावला म्हणून काचा फोडणे, डॉक्टरांच्या अंगावर जाणे हे रोखण्यासाठी महाराष्ट्रात 2010 चा स्वतंत्र कायदा करावा लागला, याचीही आठवण ठेवावी. पंधरा खाटांच्या रुग्णालयात प्रत्येकाला तासभर सनद समजावून सांगायला माणूस कुठून आणायचा?

रात्रपाळीची परिचारिका, नाशिकरोड

डॉक्टरसाहेबांचे बरोबर आहे, पण अर्धेच. संमतीपत्रावर सही बहुतेक वेळा आम्ही घेतो, कारण डॉक्टर शस्त्रक्रियागृहात असतात. आम्हाला शस्त्रक्रियेतले धोके सांगण्याचा ना अधिकार, ना तेवढे ज्ञान. मग 'इथे सही करा' एवढेच उरते.

एका आजींच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे पाच वाजता सुनेने त्यांना प्रेमाने दुधाचा चहा पाजला. शस्त्रक्रिया दुपारवर गेली आणि मोठे भांडण झाले. मी त्या सुनेला बाजूला घेऊन विचारले, तर ती म्हणाली, "जेवण द्यायचं नाही म्हणाले होते, चहाचं कोणी बोललंच नाही." भूल दिल्यावर पोटातले वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, हे तिला आदल्या रात्री दोन वाक्यांत सांगितले असते, तर तिने आजींना घोटभरही दिला नसता. त्याला तासभर लागत नाही. मिश्री, तंबाखू, दारू यांच्याबाबत मात्र लोक समजावूनही लपवतात, हे मी रोज पाहते.

दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार

डॉक्टरसाहेब, रुग्ण खोटे का बोलतो याचे कारण तुम्हीच दिले आहे: भीती. आपला माणूस आत अतिदक्षता विभागात असताना बाहेर बसलेला माणूस दरपत्रक मागत नाही, कारण आपण वाद घातला तर आतल्या माणसाकडे दुर्लक्ष होईल, असे त्याच्या मनात येते. औषधे आवडीच्या दुकानातून घेण्याचा हक्क सनदेत आहे, पण चिठ्ठी हातात देताना 'खालच्याच दुकानातून आणा' असे सांगितले की किती जण मान वर करून नाही म्हणतात? बोलण्यासाठी एक माणूस नेमा, हे मला पटते. पण त्या माणसाला रोज ठरावीक वेळी पाच मिनिटे भेट मिळेल, हेही रुग्णालयाने लिहून द्यावे.

गंगापूर रोडवरील शल्यचिकित्सक

रोजच्या भेटीची वेळ ठरवणे शक्य आहे आणि ते आमच्याकडून व्हायला हवे. संमतीबाबतही परिचारिकाताईंचे म्हणणे मी मान्य करतो. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे, तेव्हा हे काम दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही. मात्र खर्चाच्या अंदाजाबाबत मी ठाम आहे. तो अंदाज असतो. खुबा मोडलेल्या वृद्धाला शस्त्रक्रियेनंतर छातीत संसर्ग झाला, तर तो आकडा टिकत नाही, आणि त्यावरून डॉक्टरला लुटारू ठरवणे थांबले पाहिजे.

सातपूरकर

आकडा बदलेल हे मान्य, पण तो बदलला त्याच दिवशी कळावा, घरी सोडायच्या सकाळी नव्हे. ज्यांना कागदपत्रे मिळत नाहीत, त्यांनी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि तरीही उत्तर न आल्यास महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावे. 2021 च्या त्याच नियमांत तक्रार निवारण कक्षाची तरतूद आहे.

डॉक्टरसाहेब, चालू गोळ्या खऱ्या सांगण्याचा तुमचा मुद्दा वाचून काल रात्री वडिलांच्या गोळ्यांची यादी लिहायला बसलो. सात गोळ्या निघाल्या. त्यांतली एक कशासाठी आहे, हे मलाही सांगता आले नाही आणि वडिलांनाही नाही. सोमवारी तपासणीला जाताना ती यादी घेऊन जाणार आहोत, आणि या वेळी वडील स्वतः बोलणार आहेत.