दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर रपेट कशी वाढवावी?

प्रश्न: घोडा दोन महिने नुसता उभा होता, दुखापत नाही. दम पटकन सुधारतोय. दौड कधी सुरू करू?

उत्तर १: दमावर जाऊ नका. दम आणि स्नायू आधी तयार होतात, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं बरीच मागून. पहिले दोन-तीन आठवडे फक्त चाल, २० मिनिटांवरून ४५ पर्यंत. मग दुडकी (चाल आणि दौड यांच्या मधला वेग), दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. वेळ आणि वेग एकदम वाढवू नका. दौड त्यानंतर.

उत्तर २: नाडी मोजा, जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी सापडते (अंगठ्याने नको). विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके. काम थांबवल्यावर १०-१५ मिनिटांत ६०च्या आसपास आली नाही, तर काम जास्त झालं.

उत्तर ३: खोगीरही तपासा, काम नसलं की घोड्याच्या पाठीचा आकार बदलतो. खोगिराखालच्या घामात मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब असू शकतो. दाणा कामाच्या मागून वाढवा, आधी नाही.