बालीचा एक दिवस : किती देवळे आणि कोणता बाजार

सी-१०१ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि सासूबाई बालीला जाणार आहोत. मुक्काम सानूरला आहे. प्रवास कंपनीने गाइडसह एका दिवसाच्या दौऱ्याचा कार्यक्रम पाठवला असून त्यात बेसाकीह, उलुन दानू, तीर्त एंपुल, तानाह लोत आणि उलुवातू अशी पाच देवळे आहेत व शेवटी ‘खरेदीसाठी थांबा’ असे लिहिले आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, परंतु देवदर्शनाची त्यांना फार ओढ आहे. आपल्यापैकी जे तिकडे जाऊन आले आहेत त्यांनी हा कार्यक्रम मान्य करावा की बदलून घ्यावा, हे कृपया सांगावे.

डी-४०३ : पाच देवळे एका दिवसात होत असतील तर पैसे वसूल होतात, असे वरवर पाहता वाटते. ए-३०२ मधील बाई जाऊन आल्या आहेत. त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

ए-३०२ : हा कार्यक्रम आहे तसा मुळीच मान्य करू नका. बाली लहान आहे हे खरे. क्षेत्रफळात ती आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही कमी भरते. पण तिथे रेल्वे नाही, आणि मधल्या डोंगरांतून दक्षिणेकडे उतरणाऱ्या नद्यांनी इतक्या खोल घळी पाडल्या आहेत की बहुतेक जुने रस्ते दोन घळींमधल्या धारेवरून उत्तर-दक्षिण जातात, आणि आडवे जायचे झाले तर पुष्कळदा खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते. तुमच्या यादीतले बेसाकीह पूर्वेला आगुंग ज्वालामुखीच्या उतारावर आहे, उलुन दानू उत्तरेच्या डोंगरात बेरातान सरोवराच्या काठी आहे, तानाह लोत पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर आहे आणि उलुवातू अगदी दक्षिण टोकाच्या कड्यावर. ही सगळी एका दिवसात घेतली तर दिवस गाडीतच संपेल आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरते उतरणे होईल.

त्याऐवजी एकाच भागातली देवळे घ्या आणि दिवसाची सुरुवात बाजारापासून करा. बाजार शेवटी ठेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते, कारण तिथे देऊळ आणि बाजार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. देनपासार शहरातला पासार बाडुंग हा मोठा बाजार चोवीस तास चालतो आणि सानूरहून पहाटे तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. हा बाजार २०१६ मध्ये आगीत जळाला होता. नवी इमारत बांधून २०१९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. आपल्या अंबाबाईच्या महाद्वाराबाहेर ओटीचे साहित्य मिळते तसे तिथे पूजेचे साहित्य मिळते, फक्त ते मणांनी असते : झेंडू, गुलबक्षी रंगाच्या पाकळ्यांचे ढीग, बारीक चिरलेला केवड्याच्या जातीचा हिरवा पाला आणि नारळाच्या कोवळ्या झावळ्यांच्या जुड्या. बायका बोलता बोलता त्या झावळ्यांची तळहाताएवढी चौकोनी परडी विणतात, तिच्या तळाशी विड्याचे पान, चुना आणि सुपारी यांची लहानशी पुरचुंडी ठेवतात आणि वर चार दिशांना चार रंगांची फुले मांडतात. या परडीला ‘चानांग सारी’ म्हणतात. ती रोज घराच्या उंबऱ्यावर, दुकानाच्या दारात, गाडीच्या डॅशबोर्डवर आणि देवळात ठेवली जाते. सकाळी बाजारात ही परडी तयार होताना पाहिली की दिवसभर प्रत्येक पायरीवर ती ओळखू येते आणि ती पायाखाली येऊ नये याची काळजी आपोआप घेतली जाते.

बाजारातून सातच्या सुमारास निघाल्यास ताम्पाकसिरिंग गावी तीर्त एंपुलला गर्दी वाढण्याच्या आत पोहोचता येईल. हे दहाव्या शतकातले तीर्थ आहे. मायादानव नावाच्या राजाने विष कालवून इंद्राचे सैन्य मारले, तेव्हा इंद्राने जमिनीतून हा झरा काढून आपले सैन्य जिवंत केले, अशी तिथली कथा आहे. पुढच्या कुंडांत दगडी मुखांतून धारा पडतात आणि लोक रांगेने एकेका धारेखाली डोके ठेवून हात जोडतात. यांतील काही धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या असल्याने त्या सोडून पुढे जायचे असते, आणि त्या कोणत्या हे सांगायला सोबत जाणकार माणूस लागतो. बहुतेक प्रवासी कुंडांपाशीच थांबतात आणि तिथूनच परततात. सासूबाईंना मात्र मागच्या अंगणात अवश्य न्या. तिथे एका बंदिस्त तळ्याच्या तळातून पाणी सतत वर येत असते आणि काळी वाळू जागोजागी उकळल्यासारखी वर उसळताना स्पष्ट दिसते. मला सगळ्या बालीत तेवढी जागा सर्वांत पवित्र वाटली. इथे चालणे बहुतांशी सपाटीवरचे आहे.

तिथून जवळच गुनुंग कावी आहे. अकराव्या शतकात कड्याच्या पोटात कोरून काढलेली दहा उंच देवळे नदीच्या दोन्ही काठांना उभी आहेत. ती उदयन राजाच्या घराण्याची स्मारके मानली जातात. पण खाली उतरायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या तितक्याच पुन्हा चढाव्या लागतात. तुम्ही दोघांनी जावे. सासूबाईंना तेवढा वेळ तीर्त एंपुलच्या झाडाखाली बसू द्यावे.

परतीच्या वाटेवर उबुदजवळ गोवा गाजा म्हणजे हत्तीची गुहा लागते. दारावर जबडा पसरलेला भव्य चेहरा कोरला आहे आणि त्या जबड्यातूनच आत शिरायचे असते. आत एका टोकाला गणपती आहे आणि दुसऱ्या टोकाला वस्त्र गुंडाळलेली तीन शिवलिंगे आहेत. गुहेसमोरची स्नानकुंडे मातीखाली गाडली गेली होती, ती १९५४ मध्ये उत्खननातून बाहेर आली. खालच्या ओढ्यात बौद्ध स्तूपांच्या कोरीवकामाचे मोठाले तुकडे कोसळून पडलेले दिसतात, म्हणजे शैव आणि बौद्ध एकाच जागी शेजारी होते. गाइड हे आपणहून दाखवीलच असे नाही, म्हणून विचारावे.

ए-५०१ : बाई, फार उपयुक्त माहिती आहे. आम्ही जैन आहोत आणि पुढच्या वर्षी जाण्याचा विचार आहे. दुपारच्या जेवणाचे काय करावे?

ए-३०२ : तुम्हाला सावध राहावे लागेल. भाजी, टोफू आणि सोयाबीन आंबवून केलेले तेम्पे सर्वत्र मिळते, शेंगदाण्याच्या दाट रसातली गादो-गादो नावाची उकडलेल्या भाज्यांची थाळीही मिळते. परंतु सांबाल नावाच्या चटणीत आणि अनेक रश्श्यांत ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. शाकाहारी एवढेच सांगून भागत नाही. ‘तानपा तेरासी’ म्हणजे तेरासी न घालता, हे शब्द लिहून गाइडकडे द्यावेत. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर दशम्या, खाकरे आणि चटणी सोबत ठेवणेच योग्य. उबुदमध्ये शाकाहारी हॉटेले पुष्कळ आहेत, म्हणून जेवणाचा थांबा तिथेच मागून घ्यावा.

बी-२०४ : कोल्हापूरच्या गुजरी पेठेत आमचे चांदीचे दुकान असल्याने विचारतो. चेलुक गावची चांदी प्रसिद्ध आहे असे ऐकतो. घेण्यासारखी असते का, आणि पारख कशी करावी?

ए-३०२ : चेलुक हे उबुद आणि देनपासार यांच्या मधले सोनारांचे गाव आहे. तिथले खास काम म्हणजे खसखशीएवढे चांदीचे मणी एकेक करून पत्र्यावर डाखून नक्षी उठवणे. कारागीर घरच्या पडवीत बसून ते करतो आणि पाहू देतो. दागिन्यावर ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) असा ठसा पाहावा. बाकीची पारख तुम्ही माझ्यापेक्षा चांगली कराल. पण एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. ‘खरेदीसाठी थांबा’ याचा अर्थ बहुधा बाजार नसतो. ज्या मोठ्या दालनातून गाइडला किंवा चालकाला दलाली मिळते ते दालन असते, आणि तिथे भाव लावलेले असल्याने घासाघीसही फारशी होत नाही. म्हणून सुकावाती येथील कलाबाजार नावानिशी लिहून घ्या. तो याच वाटेवर आहे. तिथे वेताच्या व गवताच्या विणलेल्या गोल पिशव्या, लाकडी मुखवटे, छत्र्या आणि कापड मिळते, आणि भाव करणे तिथल्या रीतीतच बसते, मात्र ते हसतमुखाने करावे. कापडात छापील बाटिक बरेचसे जावाहून येते. बालीचे स्वतःचे हवे असेल तर ‘एन्देक’ मागावे. त्याचे सूत विणण्याआधीच बांधून रंगवलेले असते. नोटांवरची शून्ये मोजूनच पैसे द्यावेत, कारण लाखाची नोट तिथे रोजच्या वापरातली आहे. बालीत २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा घरून कापडी पिशव्या न्या.

डी-४०३ : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे तिथल्या पाणीवाटपाविषयी उत्सुकता आहे. भाताची खाचरे या मार्गावर दिसतील का?

ए-३०२ : काका, तुम्ही तर अवश्य जावे. ‘सुबाक’ नावाच्या शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था तिथे नवव्या शतकापासून चालत आल्या आहेत. आपल्याकडच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांत सभासद असतात तसे तिथेही असतात, पण पाण्याच्या पाळ्या आणि लावणीच्या तारखा पाणदेवळात जमून ठरतात, आणि वरच्या गावाने किती पाणी घ्यावे हा धर्माचाही विषय असतो. शेजारच्या गावांनी ठरवून एकाच वेळी शेते कोरडी ठेवली की किडीला आसरा राहत नाही, हाही त्या वेळापत्रकाचा भाग आहे. तीर्त एंपुल ज्या पाकेरिसान नदीच्या खोऱ्यात आहे ते खोरे युनेस्कोने २०१२ मध्ये सुबाकच्या जागतिक वारशात घेतले आहे. ज्या झऱ्याखाली लोक डोके ठेवतात त्याचेच पाणी पुढे खाचरांत जाते. गाइडला हे विचारले तर तो खुलून बोलेल, कारण पुष्कळांच्या घरी शेती असते.

डी-४०३ : मग दिवाळीऐवजी गुढीपाडव्याला जोडून जावे काय? नोव्हेंबरात तिकडे पाऊस सुरू होतो, असे वाचले.

ए-३०२ : पाऊस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत असतो. पण पाडव्याच्या तारखा मात्र टाळाव्यात. बालीतही शक संवत् चालतो आणि त्यांचे नववर्ष ‘न्येपी’ आपल्या पाडव्याच्या आसपासच येते; २०२६ मध्ये तर दोन्ही १९ मार्चलाच आहेत. त्या दिवशी संपूर्ण बेट मौन पाळते. चोवीस तास विमानतळ बंद असतो, रस्त्यावर कोणी येत नाही, दिवे मंद ठेवतात आणि पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. तो दिवस समजून उमजून अनुभवायचा असेल तर गोष्ट वेगळी. दौऱ्यासाठी तो नाही.

सी-१०१ : बाई, मनापासून आभार. देवळांतील नियम आणि कागदपत्रे यांविषयीही सांगावे.

ए-३०२ : कागदपत्रे सोपी आहेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आगमनाचा व्हिसा ५ लाख रुपियाचा आहे आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी प्रवाशांकडून १ लाख ५० हजार रुपिया, म्हणजे आपले आठशेच्या आसपास रुपये, वेगळी पर्यटन पट्टी घेतली जाते; ती ऑनलाइन आधीच भरावी.

देवळांचे नियम मात्र घरी बसून सासूबाईंना नीट समजावून सांगा, कारण त्या मूर्ती शोधतील आणि बहुतेक ठिकाणी त्यांना ती दिसणार नाही. तिथे उघड्या अंगणात उंच दगडी पद्मासन असते आणि ते रिकामे असते. देवाला उत्सवाच्या वेळी तिथे येऊन बसण्याचे आवाहन करतात. विषम संख्येची छपरे एकावर एक चढवलेले उंच मनोरे दिसतात, त्यांना मेरू म्हणतात. सर्वांत आतले अंगण फक्त पूजेला आलेल्यांसाठी असते. आपण हिंदू आहोत म्हणून तो आपला हक्क आहे असे समजू नये. परंतु पूजा करण्याची मनापासून इच्छा आहे हे गाइडमार्फत पुजाऱ्यांना नम्रपणे विचारता येते. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी आम्हाला बसवून घेतले. हातात फूल धरून प्रार्थना झाली, पुजाऱ्यांनी तीर्थ शिंपडले, तीन वेळा ओंजळीत प्यायला दिले आणि कपाळावर ओल्या तांदळाचे दाणे लावायला सांगितले. त्यांच्या त्रिसंध्येच्या प्रार्थनेत आरंभी गायत्री मंत्र असतो. तो परक्या उच्चारात कानी पडला तेव्हा माझे डोळे भरून आले.

मासिक पाळीच्या दिवसांत आणि घरात सुतक असताना देवळात प्रवेश नसतो, तशी पाटी दारावर असते. आपली मते काहीही असोत, पाहुणे म्हणून गेलो असल्याने ती पाळावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंपनीला विचारा, की सोबत येणारा माणूस परवानाधारक गाइड आहे की फक्त चालक. चालक भला असतो, इंग्रजीही बोलतो, पण तो वाहनतळावर थांबतो आणि तुम्ही आत एकटे फिरता. मी वर लिहिलेले जवळजवळ सर्व देवळाच्या आत सोबत असलेल्या माणसाकडून कळलेले आहे.

सी-१०१ : कंपनीला आत्ताच पुढीलप्रमाणे कळवले आहे : पहाटे पासार बाडुंग, नंतर तीर्त एंपुल, आम्हा दोघांसाठी गुनुंग कावी, उबुदला जेवण, गोवा गाजा आणि सुकावाती; परवानाधारक गाइड देवळात सोबत येईल; अन्य कोणत्याही दुकानात थांबा नको. त्यांनी होकार दिला असून उलुवातूसाठी वेगळी संध्याकाळ सुचवली आहे. शेवटचा एक प्रश्न. सासूबाई नऊवारी नेसतात. त्यांना वरून सारोंग (कमरेला गुंडाळायचे वस्त्र) गुंडाळावे लागेल का?

ए-३०२ : पाय पूर्ण झाकलेले असल्याने सहसा आग्रह धरत नाहीत, पण कमरेला पट्टा सर्वांनाच बांधावा लागतो, तो प्रवेशद्वारापाशी मिळतो. उलुवातूच्या संध्याकाळी मात्र त्यांचा चष्मा पर्समध्ये ठेवून पर्स घट्ट धरा, कारण तिथली माकडे चष्मा सर्वांत आधी ओढतात.