मदत हवी आहे: सिग्नलला थांबताना ब्रेकचं पेडल थरथरतं, एबीएसचा दिवा येतो-जातो (ठाणे)

नमस्कार. गाड्यांमधलं कळणाऱ्यांनी कृपया पूर्ण वाचा. थोडं लांबलंय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किमी, टायर १६५/८० आर १४. वरचं मॉडेल घेतलं होतं म्हणून एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून. राहायला कासारवडवलीला. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नौपाड्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी आठ-दहा दिवस गॅरेजला टाकणं मला परवडत नाही. परत येताना ते फार थकलेले असतात, रिक्षातले हिसके त्यांना सोसत नाहीत.

त्रास असा: तीन आठवड्यांपासून मानपाड्याच्या सिग्नलला हळू थांबताना, अगदी शेवटच्या पाच-सात फुटांत पेडल पायाखाली थरथरतं. बॉनेटखालून खर्र-खर्र आवाज येतो आणि गाडी हात-दीड हात पुढे सरकते. रस्ता कोरडा असतो, ब्रेकही जोरात दाबलेला नसतो. परवा पुढच्या रिक्षाला टेकता टेकता राहिले. एबीएसचा पिवळा दिवा कधी लागतो, कधी नाही. गाडी बंद करून चालू केली की जातो, कापूरबावडीपर्यंत कधीतरी परत येतो. दिवा लागलेला असला की मात्र थरथर होत नाही, ब्रेक साध्या गाडीसारखा लागतो. ब्रेकचा लाल दिवा कधीच आलेला नाही.

जूनमध्ये पुढच्या चाकाचं क्लीनर साइडचं (डावं) बेअरिंग बदललं होतं. गायमुखच्या खड्ड्यांनी त्याची वाट लागली होती. आता दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवलं तर स्कॅनर न लावताच 'एबीएसचं मॉड्युल (त्याचा पंप-व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर) गेलंय, अडतीस हजार धरून चला' असं सांगितलं. माझा विश्वास बसत नाही.

मी घरी काय काय पाहिलं ते सांगते. ब्रेक ऑइल 'मॅक्स'च्या जरा खाली, ठीक. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५, चालू असताना १४.१ व्होल्ट. एबीएसचे फ्यूज शाबूत. चारही टायर एकाच मापाचे, हवा सारखी. ऑनलाइन घेतलेला छोटा ब्लूटूथ रीडर एबीएसचं काहीच दाखवत नाही, म्हणून ओळखीतून एबीएस वाचणारा स्कॅनर दोन दिवसांसाठी आणला. त्यात बिघाडाचा कोड सी००३५ आला, म्हणजे पुढचं डावं चाक. मग चाकाचा वेग मोजणाऱ्या दोन्ही पुढच्या सेन्सरचे कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला: डावीकडे ११२० ओहम, उजवीकडे ११०५. दोन्ही सारखेच! हायवेच्या सर्व्हिस रोडवर भाऊ गाडी चालवत होता आणि मी स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघत होते, तेही सारखेच दिसले.

आता मला तीन गोष्टी हव्या आहेत. सेन्सर चांगला असेल तर कोड त्याच चाकाचा का येतो? मॉड्युलला हात लावण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणखी काय तपासता येईल? आणि तोवर बाबांना घेऊन गाडी चालवू की नको?

---

खाडीकाठ:

मॉड्युलचे पैसे आत्ता अजिबात देऊ नका. आधी वायर बघा. आमच्या कळव्याच्या सोसायटीत उंदरांनी दोन गाड्यांच्या सेन्सरच्या वायर कुरतडल्या होत्या. चाकाच्या कमानीतून जी वायर आत जाते, तिथे बोटांनी चाचपून बघा. मीटर लावलेला असतानाच वायर जागोजागी हलवा. आकडा उडाला की सापडलं.

आणि तोपर्यंत सरळ एबीएसचा फ्यूज काढून टाका. ब्रेक साधे होतील, थरथर बंद.

---

बारा_तेरा_पाना:

ताई, तुम्ही जे तपासलंय ते बरेच गॅरेजवालेही तपासत नाहीत. तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे असं मला वाटतं.

पहिल्यांदा फ्यूजचं. कृपया काढू नका. फ्यूज काढला की एबीएसबरोबर ईबीडीही जातं, म्हणजे मागच्या चाकांवर किती दाब द्यायचा हे ठरवणारा भाग. मग ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. अशा वेळी लाल दिवाही लागतो, तो त्यासाठीच असतो. पिवळा एकटा असेल तर ब्रेक साधे झाले एवढंच समजायचं. पिवळा आणि लाल दोन्ही आले तर गाडी हलवायची नाही.

आता मूळ मुद्दा. दिवा लागला की थरथर थांबते, म्हणजे एबीएस स्वतःला बंद करून घेतं तेव्हा त्रास जातो. याचा अर्थ पंप, व्हॉल्व्ह हे सगळं काम करतंय, फक्त त्यांना चुकीची खबर मिळतेय. मॉड्युल मेलेलं असतं तर दिवा कायमचा लागला असता, असा येत-जात राहिला नसता. खबर देणारे दोघं असतात: सेन्सर, आणि त्याच्यासमोर फिरणारी दात्यांची रिंग. कोड फक्त चाक सांगतो. त्या चाकापाशी सेन्सर बिघडलाय, वायर, रिंग की बेअरिंग, ते आपण शोधायचं असतं.

हजार-अकराशे ओहम दाखवतो म्हणजे तुमचा सेन्सर जुन्या पद्धतीचा आहे, आत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. (ज्यांच्या गाड्यांना नवे, विजेचा पुरवठा लागणारे सेन्सर आहेत त्यांनी ओहमवर तपासू नये. त्या आकड्याला काही अर्थ नसतो.) पण ओहम बरोबर आला म्हणजे वेटोळं तुटलेलं नाही, इतकंच कळलं. समोरून दाते नीट जातायत का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा, कनेक्टर काढलेलाच असू द्या आणि चाक हाताने सेकंदाला साधारण एक फेरा फिरवा. बहुतेक गाड्यांत पन्नास ते काहीशे मिलिव्होल्ट दिसतात. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, डावं-उजवं तुलना करा. डावीकडे कमी आला तर सेन्सर आणि रिंगमधलं अंतर वाढलंय, किंवा सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगून तो वर उचलला गेला असेल, असंही होतं. सेन्सर काढताना पिळू नका, तुटतो. आधी गंजावर स्प्रे मारून अर्धा तास थांबा.

माझा खरा संशय रिंगवर आहे. तुमच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर होतो. ताशी ७ किमी वेगाला चाक सेकंदाला एकच फेरा घेतं. रिंगला तडा गेला असेल तर तेवढ्या जागी दोन दात्यांतलं अंतर वाढतं, आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा कॉम्प्युटरला वाटतं की हे चाक अचानक अडलं. तुम्ही ब्रेक दाबलेला असतो, म्हणून तो चाक लॉक होतंय असं समजून त्या चाकाचा दाब सोडतो. गाडी पुढे सरकते ती त्यामुळे. वेग जास्त असताना तीच चूक इतक्या कमी वेळात निघून जाते की बऱ्याचदा लक्षातही घेतली जात नाही. स्कॅनरवर वेग सारखे दिसले याचंही नवल नाही. साधा स्कॅनर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो, एवढा बारीक झोल त्यात निसटतो.

रिंग बघायला गाडीखाली शिरायची गरज नाही. आधी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा आणि त्या चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. जॅकने उचलल्यावर गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नका, ही एक गोष्ट माझं ऐकाच. स्टिल्ट पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर जॅक सरकतो. मग गिअर न्यूट्रल, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाक काढून डिस्कच्या मागे टॉर्च मारा. एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर दात्यांची कडी दिसेल. एका दात्यावर खडूने खूण करून हळूहळू पूर्ण फेरा फिरवा. तडा बहुतेक दोन दात्यांच्या मधल्या खाचेत असतो आणि गंजामुळे लपतो, तारेच्या ब्रशने साफ करून बघा.

गाडी चालवायची का, तर बाबांना घेऊन तरी थोडे दिवस नकोच. शेवटच्या फुटांत दाब सुटतो तिथेच पादचारी असतो.

---

खाडीकाठ:

फ्यूजचं माझं चुकलं, ईबीडीचं डोक्यात नव्हतं. ताई, तो सल्ला सोडून द्या.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी भावाने आणि मी मिळून केलं. स्टँड वरच्या मजल्यावरच्या काकांनी दिले.

एसी मिलिव्होल्ट: उजवीकडे साधारण १८०, डावीकडेही १६०-१८०, पण डावीकडे प्रत्येक फेऱ्यात एकदा आकडा उसळी घेऊन खाली येत होता. तिथेच थांबवून टॉर्च मारला. आधी काहीच दिसेना, नुसता तांबडा गंज. ब्रशने घासल्यावर खाचेत सरळ उभी रेघ दिसली, रिंगच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. नख अडकतं इतकी फट आहे. दाते मोजले, ४८. वायर पूर्ण चाचपली, उंदरांनी काही केलेलं नाही.

ती रेघ दिसली तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. तीन आठवडे मला वाटत होतं की माझाच पाय पेडलवर नीट पडत नाहीये.

आता पुढे: बेअरिंग बदलताना गॅरेजवाल्याने हातोडी मारली म्हणून हे झालं का? आणि नुसती रिंग मिळते की पूर्ण एक्सलच घ्यावा लागतो?

---

बारा_तेरा_पाना:

उत्तम काम केलंत. हातोडीनेच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही. एक्सलचं टोक हबमधून ठोकून काढताना धक्का बसतो हे खरं, पण रिंगखाली गंज धरला की तो फुगून रिंगला आतून ताणतो आणि ती आपोआपही तडकते. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाण्यातून गाडी. तुमच्या रिंगवर एवढा गंज होता, म्हणजे गॅरेजवाल्याशी भांडण्याइतका पुरावा हातात नाही.

नुसती रिंग मिळते. नवी सुटी नाही मिळाली तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. दाते ४८च हवेत, आणि आतला व्यास व्हर्नियरने मोजून न्या. एखादा दाता कमी-जास्त झाला तरी ते चाक कायम वेगळ्या वेगाने फिरतंय असं कॉम्प्युटरला वाटेल. बसवायचं काम मात्र घरी करू नका. एक्सल बाहेर काढावा लागतो, जुनी रिंग कापून, नवी गरम करून सरळ बसवावी लागते. तिरकी बसली तर सगळं पुन्हा.

---

धागाकर्ती:

गुरुवारी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतलं. रिंग आणि मजुरी मिळून २,४०० रुपये. मी समोर उभी होते. कोड पुसला, मग सर्व्हिस रोडवर दहा-बारा वेळा चालण्याच्या वेगापर्यंत येऊन थांबवून पाहिलं. एकदाही थरथर नाही, दिवा चालू केल्यावर तीनेक सेकंदांत जातो. शनिवारी बाबांना घेऊन गेले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. मानपाड्याला थांबल्यावर स्वतःहून म्हणाले, 'आज गाडी नीट थांबली गं.'

---

बारा_तेरा_पाना:

छान वाटलं वाचून. एकच विचारायचं राहिलं: हबचा नट नवा टाकला ना? काठ ठोकून लॉक करायचा नट असतो, जुना पुन्हा वापरायचा नसतो.

---

धागाकर्ती:

हो, नवाच. जुना आणि तुटकी रिंग दोन्ही मागून आणलेत.