मदत हवी आहे: ग्रीक बेटांची क्रूझ, वारा आणि ऐनवेळी बदलणारी बंदरं

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले आहेत. ऑगस्टमध्ये मुलांना सुट्टी आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून सात रात्रींची क्रूझ ठरवली. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघायचं, मग मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, रोड्स, क्रीटमधलं इराक्लिओ, सांतोरिनी आणि परत पिरेअस. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. कुशादासीहून इफेसस आणि इराक्लिओहून क्नोसोस ही प्राचीन स्थळं बघायची म्हणून ते दोन महिने वाचन करताहेत. आईला मात्र फक्त सांतोरिनी बघायचंय. तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर त्या पांढऱ्या घरांचं कॅलेंडरचं पान कित्येक वर्षं आहे.

आता अडचण. आमच्या ओळखीचं एक कुटुंब जुलैमध्ये साधारण याच मार्गाने जाऊन आलं. त्यांचं मिकोनोसही गेलं आणि सांतोरिनीही. ते सांगतात की आकाशात एक ढग नव्हता, कडक ऊन होतं, तरी कप्तानाने जाहीर केलं की बंदरात जाता येणार नाही. कंपनी बंदराचे पैसे वाचवते अशी त्यांची ठाम समजूत झाली आहे. हे ऐकल्यापासून आई गप्प आहे. त्यात परवा आम्हालाही मेल आला: मिकोनोसऐवजी व्होलोस. कारण एका ओळीचं, त्यातून काही बोध होत नाही.

मला जाणून घ्यायचंय की स्वच्छ हवेत बंदर खरंच रद्द होतं का, आणि होत असेल तर आमच्या यादीतली कोणती बंदरं जास्त बेभरवशाची आहेत. सांतोरिनीला आम्ही एक छोटी होडी स्वतंत्रपणे आरक्षित केली आहे, त्या पैशांचं काय होईल? क्रम बदलला तर आई-बाबांच्या व्हिसाला अडचण येईल का? आणि जहाज खूप हललं तर सत्तरी ओलांडलेल्या दोघांना काय त्रास होऊ शकतो? बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे.

रद्द करावं असं वाटत नाही. पण आईला तिथे नेऊन निराश करायचं नाही, म्हणून आधीच सगळं समजून घेते आहे.

प्रतिसाद १

मी अथेन्सला नोकरीनिमित्त राहतो, म्हणून वाऱ्याबद्दल लिहितो. तुमच्या ओळखीच्यांनी पाहिलं ते अगदी खरं आहे, फक्त त्यांनी लावलेलं कारण बरोबर नाही.

त्या वाऱ्याला इथे मेल्टेमी म्हणतात. बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या बाजूला कमी, या दोघांमधून उत्तरेचा कोरडा वारा एजियन समुद्रावरून खाली धावतो. उन्हाळ्यात आशिया तापतो आणि आपल्याकडे मोसमी पाऊस येतो, त्याच कमी दाबाच्या विस्ताराचं एक टोक तुर्कस्तानपर्यंत पोहोचतं. म्हणजे साताऱ्यात पाऊस कोसळत असतो त्याच दिवसांत इथे हा वारा सुटतो. जुलै-ऑगस्ट हा त्याचा ऐन भर. कोरडा असल्यामुळे ढग आणत नाही, उलट आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं. बोफर्ट हे वाऱ्याचा जोर मोजण्याचं माप; सहा-सात बोफर्ट नेहमीचं, कधी आठही. सात बोफर्ट म्हणजे ताशी ५० ते ६१ किलोमीटर. आणि एकदा सुटला की तीन-चार दिवस मुक्काम ठोकू शकतो.

त्यामुळे मोबाइलवर सूर्याचं चित्र बघून काही कळणार नाही. 'विंडी' या हवामानाच्या अ‍ॅपवर वाऱ्याचा वेग आणि झोत, दोन्ही बघा. निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा होतो, त्याआधीच्या आकड्यांनी उगाच जीव टांगणीला लावू नका.

व्होलोसबद्दल नाराज होऊ नका. ते मुख्य भूमीवर, पागासितिकोस आखाताच्या आत आहे, तिन्ही बाजूंनी जमीन. मागे पेलिओन डोंगर आहे, तिथली दगडी छपरांची गावं आणि चेस्टनटची झाडी बघून आई-बाबांना महाबळेश्वर आठवेल. मेतेओराचे कड्यांवरचे मठ व्होलोसहून एका दिवसात होतात, पण बसमध्ये जाऊन-येऊन चार-पाच तास जातात आणि वर पायऱ्या आहेत. ज्येष्ठांबरोबर मी पेलिओनच निवडेन.

प्रतिसाद २

ताई, मी गुहागरचा. बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर डेकवर काम केलं, त्यातले बरेच हंगाम याच समुद्रात. कंपनी पैसे वाचवते हे मी खूप प्रवाशांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजचं मोठं क्रूझ जहाज म्हणजे पाण्यावर उभी केलेली पंधरा-सोळा मजल्यांची इमारत. लाटा त्याला फारसं काही करत नाहीत, पण त्या सपाट बाजूवर वारा आदळला की सगळं जहाज आडवं सरकतं. त्याला धरून ठेवायला पुढे आणि मागे आडवे पंखे असतात, त्यांची ताकद एका मर्यादेपर्यंतच पुरते. अरुंद बंदरात, शेजारी दुसरं जहाज असताना, झोत आला की कप्तानाच्या हातात काही सेकंद असतात. आणि धक्क्याला लागलं म्हणजे सुटलो असंही नाही. २७ ऑगस्ट २०२३ला मायोर्का बेटावरच्या पाल्मा बंदरात वादळी वाऱ्याने 'ब्रिटानिया' जहाजाचे दोर तुटले आणि ते दुसऱ्या जहाजावर जाऊन आदळलं. धक्क्याला नीट बांधलेलं जहाज होतं ते. असं काही घडलं की प्रत्येक कप्तानाला ते लक्षात राहतं.

आता तुमची बंदरं. रोड्स, कुशादासी, इराक्लिओ इथे जहाज धक्क्याला लागतं, तुम्ही पायऱ्या उतरून जमिनीवर. इराक्लिओला तर लांबच लांब लाटारोधक बांध आहे. ही तीन बंदरं मिळण्याची शक्यता चांगली, म्हणजे बाबांची दोन्ही ठिकाणं बऱ्यापैकी सुरक्षित. मिकोनोस उत्तरेच्या वाऱ्याला उघडं, म्हणून ते यादीतून वारंवार गळतं.

सांतोरिनीची गोष्ट निराळीच आहे. ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरून ते झालं. आत पाणी ३०० मीटरहून खोल, त्यामुळे बहुतेक जहाजांना तिथे नांगर टाकता येत नाही. जहाज यंत्रं चालू ठेवून जागेवर तरंगत राहतं आणि स्थानिक लोकांच्या होड्या येऊन प्रवाशांना नेतात. त्या होडीत चढायची जागा जहाजाच्या पोटात, पाण्यालगत असते. होडी एक हात वर, एक हात खाली होत असते आणि पाय बरोबर त्या क्षणी टाकायचा असतो. आम्ही दोघं दोन्ही दंडांना धरून माणसाला पलीकडे द्यायचो. तरुणांना त्याचं काही वाटत नाही, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना पलीकडे देताना माझ्याही छातीत धडधडायचं. सकाळी माणसं उतरवली आणि दुपारी वारा वाढला तर हजारो लोक किनाऱ्यावर अडकतात, म्हणून कप्तान सकाळचंच नाही, संध्याकाळचंही वारं बघून ठरवतो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद करतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की डिझेल वाचवतात. तसंच हे आहे.

आईंना होडीत उतरायचं असेल तर रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट, हात मोकळे, पिशवी तुमच्याकडे. जुन्या बंदरातून वर गावात जायला केबल कार आहे. नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या, त्यावर खेचरांची ये-जा, त्या वाटेने ज्येष्ठांना नेऊ नका. परतीच्या केबल कारला दुपारनंतर लांब रांग लागते, शेवटच्या होडीच्या दीड-दोन तास आधी रांगेत उभे राहा.

खोली अजून बदलून मिळत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधल्या भागातली घ्या. तिथे सगळ्यात कमी हलतं. जहाजाला बाजूचे पंख असतात, त्यामुळे डावी-उजवी डोलणी कमी होते, पण पुढे-मागे होणारी हालचाल त्यांनी थांबत नाही. रात्री बाथरूमला जाताना आधाराचा दांडा धरूनच जायला सांगा. जहाजावरची बरीच दुखणी उलटीची नसतात, पडण्याची असतात. उलटीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते. पण त्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो, आणि बाबांची दुसरी औषधं चालू आहेत, तेव्हा कोणती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रतिसाद ३

व्हिसाचं आधी बघा, बाकी सगळं नंतर! आई-बाबांच्या शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक) व्हिसावर प्रवेशांची संख्या काय लिहिली आहे? '१' असेल तर तो प्रवेश जर्मनीत आल्यावरच वापरला गेला. कुशादासीला जहाज गेलं की ते शेंगेनबाहेर गेले, रोड्सला परत शिरता येणार नाही. 'मल्टी' असेल तर प्रश्न नाही. तुर्कस्तानसाठी भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन व्हिसा असेल तर ई-व्हिसा काढता येतो, कंपनीला तो लागतो का ते लेखी विचारून घ्या.

आणि कुशादासी रद्द झालं तर व्हिसाची चिंता उरत नाही, असं धरून चालू नका. वाऱ्यामुळे उलटही होतं, ग्रीक बंदराऐवजी जहाज तुर्की बंदरात नेतात.

आणखी एक. व्हिसासाठी काढलेला विमा किमान ३०,००० युरोंचा असतो, पण असे बरेच विमे फक्त शेंगेन देशांपुरते असतात. तुर्कस्तान आणि जहाजावरचा दवाखाना त्यात येतो का ते बघा. जहाजावरचा डॉक्टर स्वस्त नसतो.

प्रतिसाद ४

पैशांचं आणि हक्कांचं लिहिते, मी कोलोनला प्रवास व्यवसायातच आहे.

तुम्ही जर्मनीत आरक्षण केलंय, हे तुमच्या फायद्याचं. क्रूझ ही युरोपीय कायद्यात पॅकेज सहल धरली जाते, २०१५च्या निर्देशानुसार. निघण्यापूर्वी कंपनीने सहलीच्या मुख्य गोष्टींत मोठा बदल केला तर प्रवाशाला दंड न भरता रद्द करण्याचा हक्क असतो. एक बंदर बदलणं मोठा बदल ठरेल का, यावर वाद होऊ शकतो, सरसकट हो म्हणता येत नाही. पण मेलमध्ये उत्तराची मुदत दिली असेल तर ती वाचा, गप्प बसलात तर बदल मान्य असं धरलं जाऊ शकतं.

प्रवासात बंदर गळलं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसानभरपाई वादळवाऱ्यासाठी मिळत नाही, ते टाळता न येण्याजोगं कारण. पण सहलीच्या किमतीत कपात मागण्यासाठी कंपनीची चूक असावी लागत नाही. ठरलेलं मिळालं नाही, एवढं पुरतं. किती कपात, ते प्रत्येक प्रकरणात निराळं. त्यासाठी जहाजावर असतानाच स्वागतकक्षात लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. रोजचा छापील कार्यक्रमही जपून ठेवा. जर्मनीत दावा करायला दोन वर्षं मिळतात. काही जण जहाज प्रवाशांच्या हक्कांचा ११७७/२०१० हा युरोपीय नियम दाखवतात, पण त्यातली उशिराबद्दलच्या भरपाईची कलमं क्रूझला लागू नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

बंदराचे पैसे वाचवण्याबद्दल: ग्रीसने २०२५च्या उन्हाळ्यापासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलंय, हंगामात सांतोरिनी आणि मिकोनोससाठी माणशी २० युरो. ते आधी घेतलं असेल आणि तिथे उतरलाच नाहीत, तर परत मागा. बऱ्याच कंपन्या रद्द झालेल्या बंदराचं शुल्क जहाजावरच्या खात्यात आपोआप जमा करतात, शेवटच्या रात्रीच्या बिलात ते तपासा.

छोट्या होडीचं आरक्षण: जहाजाकडून घेतलेली सहल बंदर रद्द झालं की आपोआप परत होते. स्वतंत्र घेतलेली त्या होडीवाल्याच्या अटींवर असते. त्याला आत्ताच मेल करा, जहाजाचं नाव आणि तारीख द्या, 'जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा' हे लेखी घ्या. तिथल्या लोकांना हे रोजचं आहे, बरेच जण मान्य करतात. नाही म्हणाला तर दुसरा शोधा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गुहागरच्या दादांचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. होडीत उतरण्याचं वर्णन ऐकून ती बराच वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे वारा नसला तरी मला उतरता येईल का, हाही प्रश्नच की." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचा गुडघा गेल्या वर्षीपासून त्रास देतो.

व्हिसा दोघांचाही मल्टी आहे. विमा मात्र शेंगेनपुरताच निघाला, आज वाढवून घेतला. होडीवाल्याला मेल केला आहे.

आता विचार असा की क्रूझ आहे तशी ठेवायची, बाबांसाठी. पण सांतोरिनी तिच्यावर सोडायचंच नाही. पाच दिवस आधी निघून, क्रूझच्या अगोदरच आईला जमिनीवरून नीट तिथे न्यायचं. अथेन्सकरांना विचारते: विमान की फेरी? आणि क्रूझच्या किती आधी परत यावं?

प्रतिसाद १

उत्तम विचार. विमानाला पाऊण-एक तास लागतो. आईंच्या गुडघ्यासाठी तेच सोपं, पण ऑगस्टची तिकिटं महाग असतील. फेरीच घ्यायची तर वेगवान कॅटामरान (जुळ्या सांगाड्यांची बोट) नको, गाड्या नेणारी मोठी घ्या. सात-आठ तास लागतात, पण वाऱ्यात आधी वेगवान बंद होतात आणि त्यात माणसं जास्त आजारी पडतात. मोठ्या फेरीत उद्वाहक असतो, आत बसायला जागा असते, आणि ती अथिनिओस बंदराच्या धक्क्याला लागते, रुंद उतारावरून चालत बाहेर. तिथून वर बस किंवा टॅक्सी. आधी सांगून ठेवा, ऑगस्टमध्ये ऐनवेळी टॅक्सी मिळत नाही.

आठ बोफर्टच्या आसपास तटरक्षक दल मोठ्या फेऱ्याही थांबवतं. म्हणून क्रूझच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पिरेअसला परत या. मधला दिवस अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयाला द्या, बाबा खूश होतील आणि आत थंडावा असतो.

मुक्काम सांतोरिनीच्या फिरा गावात नको, ओईया गावातही नको, पायऱ्याच पायऱ्या. पिर्गोस गावाच्या पायथ्याशी किंवा मेगालोखोरी गावात घ्या, गाडी दारापर्यंत जाते. पांढरी घरं तिथेही आहेत.