‘मूळ अवयव’ आणि ‘विभाजक’ : एका सतरा अंकी संख्येच्या निमित्ताने

प्रश्न (फोंडा) : प्राथमिक शाळेत मराठीतून गणित शिकून पुढे इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांसाठी मी संज्ञांचे टिपण करीत आहे. ‘अवयव’, ‘मूळ अवयव’ आणि ‘विभाजक’ यांत भेद कसा करावा, आणि ‘मूळ संख्या’ म्हणावे की ‘अविभाज्य संख्या’? उदाहरणासाठी १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या घेतली आहे.

उत्तर (म्हापसा) : बाई, या संख्येत हा भेद ठळक दिसतो. ती १११११११११ चा वर्ग आहे आणि १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७; म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव पाडले असता ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. वेगवेगळे मूळ अवयव तीनच आहेत. ज्या संख्यांनी तिला नि:शेष भाग जातो त्या सर्व मात्र तिच्या विभाजक होत, आणि घातांकांत एकेक मिळवून ५ × ३ × ३ असा गुणाकार केला की त्या ४५ भरतात. ४५ ही विषम संख्या येते ती मूळची संख्या पूर्ण वर्ग असल्यामुळेच. नुसता ‘अवयव’ हा शब्द गुणाकाराच्या मांडणीतील घटकासाठी ठेवावा, आणि सगळ्यांची मोजदाद करायची असेल तेथे ‘विभाजक’ लिहावे.

‘अविभाज्य’ चुकीचा नाही, पण मराठीत आपण ‘३ ने विभाज्य’ असे म्हणतो, त्यामुळे नुसते ‘अविभाज्य’ म्हटले की ‘कशाने?’ हा प्रश्न उरतो. शिवाय ‘सहमूळ’ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्या) आणि ‘जोडमूळ’ (दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्या) हे शब्द ‘मूळ’वरूनच बनले आहेत. मला ‘मूळ संख्या’च योग्य वाटते. ‘वर्गमूळ’ या शब्दाशी मात्र मुलांची गल्लत होते, तेव्हा येथील वर्गमूळ १११११११११ ही स्वतः संयुक्त संख्या आहे, हे टिपणात अवश्य सांगावे.

पुरवणी (पेडणे) : देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा, म्हणजे नुसत्या १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या वर्गांना ‘डेमलो’ म्हटले, तर आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे सुरेख नाव त्यांचेच. येथे अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने भाग दिल्यास १२३४५६७९ चा वर्ग मिळतो, म्हणून ही संख्या हर्षदही आहे. जाता जाता, ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. त्यापुढचे स्थान ‘परार्ध’.

टिपणात ‘अंक’ आणि ‘संख्या’ हेही वेगळे ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हर्षद असणे हा दशमान पद्धतीत लिहिलेल्या अंकांवर अवलंबून असलेला गुण आहे, आणि दहाऐवजी दुसरा पाया घेऊन लिहिल्यास तो टिकेलच असे नाही. ४५ विभाजक असणे हा संख्येचा स्वतःचा गुण असून ती कशीही लिहिली तरी तो बदलत नाही.